टेलचं बेअरिंग

बारामतीहून इंदापूरकडं जाणाऱ्या रस्त्याला एक गॅरेज होतं. पुढं पत्र्याची शेड, मागं बाभळ, आणि बाभळीखाली मालक परत न्यायला न आलेल्या दोन जुन्या गाड्या. गॅरेजचा मिस्त्री साठीला आला होता. त्याच्या हाताखाली एक पोरगा होता. पोरगा पहाटे तालमीत जायचा, जोर-बैठका मारायचा आणि अंगाची माती धुऊन नऊच्या ठोक्याला कामावर हजर व्हायचा.

कामाला लागला त्या वर्षी त्याच्या हातून एका गाडीच्या चेंबरचा ड्रेन बोल्ट ढिला राहिला. ऑईल रस्ताभर सांडत गेलं. गाडीवाला परत आला, चार लोकांदेखत बोलला, आणि मिस्त्रीनंही चार लोकांदेखतच पोराला झाडलं. पोरगा गप्प राहिला. पण त्या दिवसापासून पान्यावरचा त्याचा हात बदलला. बोल्ट बसला तरी तो आणखी एक ओढ द्यायचा. तेवढ्यानं मनाचं समाधान व्हायचं नाही, मग अजून एक. मोठा बोल्ट असला तर पान्याच्या दांड्यात पाइप घालून आवळायचा.

मिस्त्रीला ते बरं वाटलं. तो गिऱ्हाइकांना सांगू लागला, "ह्याच्या हातचा बोल्ट सोडवायचा तर ह्यालाच बोलवावं लागतं." लोक हसायचे. पोरगाही मान खाली घालून हसायचा. आधी नुसती भीती होती, आता तिला कौतुकाची जोड मिळाली.

एका वर्षी तुकोबांची पालखी बारामतीत यायला आठ-दहा दिवस होते, तेव्हा गॅरेजवर एक जुनी डिझेल जीप आली. जीपचा मालक इंदापूर तालुक्यातला शेतकरी. त्याची जीप दरवर्षी एका दिंडीबरोबर जायची. दिंडीचा शिधा, मोठी पातेली आणि पायाला फोड आलेली दोन-चार म्हातारी माणसं, एवढा तिचा भार. इंजिन ऑईल पीत होतं, मागून निळा धूर येत होता.

"वारीच्या आत पाहिजे मिस्त्री," मालक म्हणाला. "माउलींच्या माणसांचं काम हाय."

मिस्त्रीनं इंजिन उतरवलं, खोललं. रिंगा नव्या, बेअरिंगं नवी. ऑईल पंपाचे गिअर झिजले होते, तेही नवे आणले. क्रँक बसला, पिस्टन बसले. पंपाची वेळ आली तेव्हा दुसऱ्या गाडीचा मालक दारात येऊन उभा होता. मिस्त्री उठता उठता म्हणाला, "पंप तू बांध. बारकं काम हाय."

काम खरंच बारकं होतं. पंपाचं अंग अॅल्युमिनियमचं, आत एकमेकांत गुंतलेले दोन दातेरी गिअर, वर लोखंडी झाकण आणि झाकणाला सहा मिलिमीटरचे चार बोल्ट. पोरानं सगळं डिझेलनं धुतलं, फडक्यानं पुसलं, गिअर ऑईल लावून बसवले. झाकण ठेवलं. दहाचा पाना घेतला. पहिला बोल्ट पुरता आवळला, वर आपली नेहमीची ओढ दिली. मग शेजारचा. मग तिसरा.

तिसऱ्या बोल्टाला शेवटची ओढ देताना हाताला काहीतरी मऊ लागलं. बोल्ट किंचित जास्त फिरला आणि पुन्हा घट्ट झाला. पोरगा क्षणभर थांबला. मग मनाशी म्हणाला, बसला. आणि त्यानं चौथा घेतला.

इंजिन गाडीत चढलं. ऑईल भरलं, चावी फिरवली. ऑईलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझला. इंजिनाचा आवाज गोड होता. मिस्त्रीनं मालकाच्या हातात चावी दिली आणि वारीला नमस्कार सांगितला.

पालखी बारामतीहून निघाली, तशी जीपही वाहनांच्या रांगेत लागली. काटेवाडीत पालखीखाली धोतरांच्या पायघड्या पडल्या, मेंढ्यांनी पालखीभोवती रिंगण धरलं. जीप लांब मागं उभी होती. दहा पावलं पुढं जायची, पाच मिनिटं थांबायची. सणसरच्या मुक्कामापर्यंत तिनं काही तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी बेलवाडीला घोड्यांचं रिंगण झालं. गर्दी अशी, की रस्ता हलेना. ऊन चढलं होतं, इंजिन तापलं होतं, आणि मालकानं ते तसंच चालू ठेवलं होतं.

बेलवाडी मागं पडल्यावर लाल दिवा लुकलुकू लागला. गाडी उभी राहिली की लुकलुकायचा, रेस दिली की विझायचा. मालकाला वाटलं वायर ढिली असेल. त्यानं काचेवर दोन टिचक्या मारल्या. अंथुर्णे जवळ आलं तेव्हा मागं पातेल्यांत बसलेली एक म्हातारी म्हणाली, "लेका, तुझ्या गाडीत खाली टाळ कोण वाजवतंय?"

मालकानं कान दिला. टक, टक, टक. त्यानं तिथंच गाडी बंद केली. शहाणा माणूस. अजून दोन किलोमीटर रेटली असती तर ही गोष्ट सांगण्यासारखी उरली नसती.

वारकऱ्यांनी ज्ञानोबा-तुकारामाच्या गजरात जीप ढकलत अंथुर्ण्यात आणली आणि एका अंगणात लावली. अंगण आबांचं होतं. आबांनी शेजारच्या वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर म्हणून उमर काढली होती. वालचंद हिराचंदांनी १९३०च्या दशकात इथल्या माळावर ऊस आणि साखर कारखाना उभा केला. पुढं तिथं साखर कारखान्यांची यंत्रं, भले मोठे गिअरबॉक्स, आणि अवकाशात झेपावणाऱ्या प्रक्षेपकांचे भागही बनू लागले. आबांनी त्यातलं काय काय हाताळलं ते कधी सांगितलं नाही. निवृत्त झाल्यावर ते शेती बघत होते आणि वारीत अंगण झाडून पाण्याचे हंडे भरून ठेवत होते.

मालकानं मिस्त्रीला फोन लावला आणि इंजिन क्षणभर चालू करून आवाज ऐकवला. मिस्त्री एवढंच म्हणाला, "परत चालू करू नका." त्यानं बेअरिंगचा सेट पिशवीत टाकला, पोराला मोटारसायकलवर मागं घेतलं आणि आडरस्त्यानं रात्री दहाला अंथुर्णे गाठलं.

अंगणात बल्ब लावला. चेंबर उतरवलं. पोरगा पाठीवर सरकत आत शिरला आणि प्रत्येक बोल्टाला पाना लावून बघू लागला. बघून झाल्यावर बाहेर आला. चेहरा मोकळा झाला होता.

"एकबी बोल्ट ढिला न्हाई, मिस्त्री."

मिस्त्रीनं कॉनरॉडच्या टोप्या सोडल्या. पंपापासून सगळ्यात लांबच्या रॉडचं बेअरिंग गेलं होतं. वरचा राखाडी थर निघून खालचं तांबूस अंग उघडं पडलं होतं. शेजारच्याला जरा ओरखडे. पुढची दोन बेअरिंगं घातली तशी कोरी.

"बेअरिंग खराब माल निघालं," पोरगा म्हणाला.

आबा इतका वेळ बाजेवर बसून बघत होते. ते म्हणाले, "पंप दे इकडं."

पंप त्यांच्या मांडीवर आला. त्यांनी बोल्ट सोडायला घेतले, पहिल्यालाच कपाळाला आठी पडली. तिसरा बोल्ट बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांत अॅल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली होती. आबांनी ती नखानं सोडवून पोराच्या तळव्यावर ठेवली.

"हे भोकाचे आटे. वरचे चार-पाच निघून आलेत."

मग त्यांनी घरातून पोलादी पट्टी आणली. झाकण उलटं करून पट्टी त्यावर उभी धरली आणि मागून बॅटरी लावली. दोन्ही कडांना अंधार होता. मधे उजेडाची बारीक रेघ दिसत होती. फिलर गेजचं ०.२० मिलिमीटरचं पातं त्या रेघेतून सहज पलीकडं गेलं. पंपाच्या अंगावर बोट फिरवलं तर तिसऱ्या भोकाच्या तोंडाशी धातू वर ओढला जाऊन उंचवटा आला होता.

"गिअर आणि झाकण ह्यांच्यात दहा शतांश मिलिमीटरच्या आतबाहेर जागा असती," आबा म्हणाले. "त्याहून वाढली की गिअरनं उचललेलं ऑईल पुढं जात न्हाई, तिथल्या तिथं मागं पळतं. सकाळी थंड ऑईल घट्ट असतं, तवर निभावतं. तापून पातळ झालं, इंजिन मंद चाललं, की प्रेशर गेलं. तुमची गाडी दिवसभर मंदच चालली."

जीपचा मालक म्हणाला, "पण आबा, पंप इकडं, आणि मेलं ते टोकाचं बेअरिंग. ते कसं?"

आबा हसले. "तू कुठला?"

मालकानं गाव सांगितलं. नीरा डाव्या कालव्याच्या पार शेपटाचं गाव.

"मग तुला इचारायची गरज न्हाई. वर कुणी कालवा फोडला, दार वाकवलं, तर वरच्याचं रान भिजतंच. टेलला काय येतं?"

"चिखलबी येत न्हाई," मालक म्हणाला.

"झालं तर."

पोरगा खाली बघत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "मी ढिलं काईच सोडलं न्हवतं, आबा."

"न्हाई सोडलंस. उठ, काटा आण."

दिंडीच्या कोठीत डाळ-तांदूळ तोलायचा स्प्रिंगचा काटा होता. आबांनी एक सहाचा बोल्ट लोखंडी जाड पट्टीतल्या आट्यात बसवला आणि पट्टी व्हाइसमध्ये धरली. दहाच्या पान्यावर, बोल्टाच्या मध्यापासून दहा सेंटिमीटरवर, खडूनं खूण केली. खुणेवर काट्याचा आकडा अडकवला.

"ओढ. पंपाला ओढला तसा. सरळ, पान्याला काटकोनात."

पोरानं ओढलं. काट्याची सुई १८ किलोवर गेली.

"आता १० वर थांब."

पोरानं दुसरा बोल्ट घेऊन पुन्हा ओढलं आणि १० वर थांबला. त्याला ते खरं वाटेना. "एवढंच? ह्याला तर आवळला म्हणत न्हाईत."

"दहा सेंटिमीटरवर १० किलो म्हंजे १ किलोग्रॅम-मीटर. सहाच्या बोल्टाला साधारण एवढंच लागतं. दहाचा पाना बारका का करतात? मोठा करायला लोखंड महाग हाय म्हणून न्हवं. हाताला जास्त जोर घावू नये म्हणून."

मग आबांनी बोल्ट हातात घेऊन सांगितलं, आणि हे सांगताना ते कारखान्यातल्यासारखे सावकाश बोलले. आवळताना बोल्ट जरासा ताणला जातो. ताणलेला बोल्ट परत आखडायला बघतो, आणि त्या आखडण्यानं झाकण दाबून धरलं जातं. धरून ठेवणारा तो ताण असतो, तुझा जोर नव्हे. तू लावलेल्या जोरातले दहातले नऊ हिस्से डोक्याखाली आणि आट्यांत घासण्यातच जातात. म्हणून आट्याला घाण असली तर पुरता ताण येत नाही, आणि ऑईल लागलेलं असलं तर तेवढ्याच जोरानं ताण जास्त येतो. मर्यादेपलीकडं ताणलास तर बोल्ट आखडायचं विसरतो, नाहीतर अॅल्युमिनियमचा आटा आधी सुटतो. वरून दिसतो घट्टच.

"आणि तू एक बोल्ट पुरा आवळून मग दुसरा घेतलास," ते म्हणाले. "पहिल्यानं झाकण त्याच्या कोपऱ्यात ओढून घेतलं. उरलेल्या तिघांनी ते वाकवलं."

मिस्त्रीनं सगळं ऐकलं. त्याच्या पिशवीत टॉर्क पाना होता, फडक्यात गुंडाळलेला. गॅरेजमध्ये तो हेड आणि कॉनरॉडसाठीच निघायचा. मोठे बोल्ट मापानं आणि बारके अंदाजानं, असंच त्यानं आयुष्यभर केलं होतं. "ह्याला मीच चढवला," तो आबांना म्हणाला. "गिऱ्हाइकासमोर ह्याच्या दंडाची तारीफ मीच करायचो."

आबांनी त्यावर काही उत्तर दिलं नाही. ते कपाटाच्या दाराची काच काढायला घरात गेले. आतून म्हातारीचा आवाज आला, की वारीत पाहुणे आलेत आणि हे घर मोडायला निघालेत. आबा काच घेऊन बाहेर आले.

काच बाजेवर सपाट ठेवली, वर बारीक पॉलिश पेपर, त्यावर थोडं ऑईल. पोरानं झाकण त्यावर गोल गोल घासायला सुरुवात केली. आबांनी सांगितलं, जोर नको, झाकणाच्या वजनानं घासू दे. पोराला तेच जमेना. हात आपोआप दाबायचा. तासाभरानं पट्टीखालचा उजेड नाहीसा झाला. ०.०५चं पातंही जाईना. भोकाच्या तोंडाशी आलेला उंचवटा मोठ्या ड्रिलचं टोक हातानं दोन फेरे फिरवून काढला. भोकात खाली चांगले आटे शिल्लक होते, म्हणून तिसऱ्या जागी जरा लांब बोल्ट घेतला आणि तो तळाला टेकत नाही हे आधी रिकामा घालून पाहिलं.

मग झाकण बसलं. चारही बोल्ट आधी बोटांनी. मग आमनेसामने, काट्यावर ५. पोरानं पंपाचा दांडा बोटांनी फिरवून बघितला, मोकळा होता. मग त्याच क्रमानं १०. पुन्हा फिरवून बघितला. प्रत्येक बोल्टाला १०वर थांबताना त्याच्या मनगटाची शीर उठायची. ओढण्यापेक्षा थांबायला त्याला जास्त जोर लागत होता.

क्रँकवरचे बारीक ओरखडे मिस्त्रीनं पॉलिश करून काढले. नवी बेअरिंगं घातली. कॉनरॉडच्या बोल्टांना पोरगा घाबरत घाबरत पाना लावू लागला, तेव्हा मिस्त्री गुरकावला, "इथं लाजू नको. हा ढिला राहिला तर रॉड इंजिन फोडून बाहेर येईल. टॉर्क पाना घे. ज्याचं त्याला दे."

पंपात आधी ऑईल भरलं, मग तो चढवला. चेंबर लागलं. पहाटे मिस्त्रीनं स्टॉपर ओढून धरला आणि इंजिन चालू न करता नुसतं स्टार्टरवर फिरवलं. लाल दिवा विझल्यावर स्टॉपर सोडला. इंजिन धरलं. अर्धा तास ते तसंच मंद चालू ठेवलं, पुरतं तापू दिलं. दिवा पेटला नाही.

पोरानं शेवटची ओढ द्यायची ती कशासाठी, हे बघण्यासारखं आहे. बोल्टाला ती लागत नव्हती, पंपाला लागत नव्हती. चार लोकांदेखत झालेली शोभा पुन्हा होऊ नये म्हणून ती त्याची त्यालाच लागत होती. त्या ओढीनं पोराची भीती भागली, मिस्त्रीचा मोठेपणा भागला, आणि किंमत पोचती झाली ती ज्याला कुणी हातही लावला नव्हता अशा टोकाच्या बेअरिंगाला, आणि त्याच्यावर भरवसा ठेवून पातेल्यांत बसलेल्या म्हाताऱ्यांना. काळजी आपण कुणासाठी घेतोय, हे पाना थांबवून एकदा विचारायला हवं. दंडाची माणसं ते सहसा विचारत नाहीत, आणि ज्यांच्या हातात घरं, शाळा, कचेऱ्या असतात तीही.

जीपनं निमगाव केतकीला दिंडी गाठली. इंदापूरच्या रिंगणाला मालक गाडी बंद करून, पायात चपला न घालता, गर्दीत उभा राहिला.

निघताना मिस्त्रीनं आबांपुढं पैसे धरले. आबांनी ते परत त्याच्या खिशात कोंबले.

"पैसं नकोत. पोराला पुढच्या रविवारी पाठव. माझ्या विहिरीवरच्या इंजिनाचं झाकण थोरल्यानं आवळलंय. तीन बोल्ट आतच तुटलेत. त्योबी तालमीतलाच हाय."

रविवारी पोरगा गेला. आदल्या रात्री आबांनी तुटक्या बोल्टांवर डिझेल ओतून ठेवलं होतं. पोरानं मधोमध पंच मारला, बारीक ड्रिल घातलं, आणि छिन्नीच्या हलक्या ठोक्यांनी एक एक बोल्ट उलटा फिरवत काढायला बसला. पहिला निघायला दीड तास लागला. थोरला शेजारी उभा राहून बघत होता, आणि मधूनमधून म्हणत होता, जरा जोरात हाण की.